तात्यांची नक्कल

‘तात्या, तुमचं तोंड कुणीकडं चाललंय?’

दारात उभ्या असलेल्या माझ्या सासऱ्यांना आमच्या शरूनं विचारलेला हा पहिला प्रश्न. ती तेव्हा साडेचार वर्षांची होती. तात्यांनी खांद्यावरची पिशवीसुद्धा अजून खाली ठेवली नव्हती. उजव्या हातात घडी घातलेला रुमाल होता आणि तो त्यांनी हनुवटीखाली धरला होता.

‘शरू!’ माझी बायको वैजू आतून ओरडली.

तात्या मात्र हसले. हसले म्हणजे निम्मे हसले. डावा गाल वर गेला, उजवा होता तिथंच राहिला.

‘विट्याला निघालंय,’ ते म्हणाले. ‘म्या म्हनलं मिरजंला जायाचं हाय, तर ऐकंना त्ये.’

शरू इतकी हसली की खाली बसली. तेवढ्यावर दोघांची गट्टी जमली.

तात्या म्हणजे एस.टी.चे ड्रायव्हर. एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. उंचेपुरे, आवाज असा की गाडीत शेवटच्या बाकावर झोपलेला माणूस दचकून उठावा. ड्यूटी संपवून गावच्या फाट्यावर उतरले की ते लांबूनच शीळ घालायचे, आणि ती ऐकून सासूबाई चुलीवर चहा टाकायच्या, असं वैजू सांगायची. सासूबाई गेल्या त्याला चार वर्षं झाली होती. त्या उन्हाळ्यात एका सकाळी तात्या उठले ते तोंड वाकडं घेऊनच. तोंडावरून वारं गेलं होतं. उजवा डोळा मिटेना, पाणी प्यायला गेलं की उजव्या कोपऱ्यातून ओघळायचं. प, ब, म ही अक्षरं ओठांत ठरेनात. मला ते सांगलीकडच्या रीतीनं ‘पावणं’ म्हणायचे, त्याचं आता ‘फावणं’ झालं होतं; बाकीचं त्यांचं बोलणं मी इथं सरळच लिहितोय.

गावाकडच्या डॉक्टरांनी सांगितलं, मिरजेला न्या, रोज करंटचा शेक द्यावा लागेल, महिनाभर तरी. आम्ही मिरजेतच राहत होतो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मी बँकेत कॅशियर होतो.

शरूबद्दल सांगायला हवं. ती नकला करायची. कुणी शिकवलं नव्हतं, पण माझ्यातलंच होतं ते. मी शाळेपासून नकलाकार. बँकेच्या स्नेहसंमेलनात माझ्या नकला झाल्याशिवाय कार्यक्रम संपत नसे. शरू तीन वर्षांची असताना एकदा दार वाजलं, तर तिनं कमरेवर हात ठेवून, मान तिरकी करून, ‘शिलेंडर! वयनी, पासबुक द्या!’ अशी आरोळी दिली. गॅसवाला बाहेर उभाच होता. तोसुद्धा हसला. त्या दिवसापासून मला छंद लागला. घरी कुणी आलं की मी सांगायचो, ‘शरू, गॅसवाला.’ ‘शरू, बालवाडीच्या बाई.’ ‘शरू, वरच्या करमरकरकाकू फोनवर.’ ती काकूंसारखा फोन कानापासून लांब धरून ओरडायची, ‘कोण? कोण? जोरात बोला, मला ऐकू येतं!’ लोक पोट धरून हसायचे. आणि हसून झालं की शरू माझ्याकडं बघायची. लोकांकडं नाही, माझ्याकडं. मी मान हलवली की तिचं काम झालं.

वैजूला हे फारसं आवडत नव्हतं. ‘पोरीला माकड करू नका,’ असं एकदोनदा म्हणाली होती. मी म्हणायचो, कला आहे ती.

तात्यांना दवाखान्यात नेण्याचं काम माझ्याकडं होतं. सकाळी साडेआठला स्कूटरवर त्यांना मागं बसवून न्यायचं, दहाच्या आत घरी सोडून बँक गाठायची. शेकाची खोली लहान होती. एक टेबल, एक स्टूल, भिंतीला आरसा. तिथल्या बाई तरुण होत्या, बोलायला मऊ. शेक देऊन झाला की त्या तात्यांना आरशासमोर स्टुलावर बसवायच्या आणि व्यायाम करून घ्यायच्या. ‘गाल फुगवा, आजोबा. आता दात दाखवा. आता म्हणा, पा, फा, बा, मा.’ तात्या निमूट म्हणायचे, ‘फा, फा, फा...’ मी मागं भिंतीला टेकून उभा असायचो.

सातव्या की आठव्या दिवशी बाई म्हणाल्या, ‘आजोबा, आज शिट्टी वाजवायची. ओठांचा चंबू करा. असा.’

तात्यांनी आरशात बघून चंबू केला. डावा ओठ आला, उजवा आला नाही. त्यांनी फुंकलं. नुसती हवा गेली आणि थुंकी रुमालावर पडली. पुन्हा फुंकलं. बाई म्हणाल्या, ‘सावकाश, येईल.’ त्यांनी पाचसहा वेळा केलं. मग एकदम थांबले. आरशातल्या स्वतःच्या तोंडाकडं बघत राहिले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

‘बाई,’ ते म्हणाले, ‘आता न्हाई व्हायाचं हे. बंद करा.’

रडताना त्यांचा डावा डोळा मिटला होता. उजवा उघडाच होता.

बाहेर स्कूटरजवळ आल्यावर त्यांनी माझा दंड धरला. ‘फावणं, वैजीला सांगू नका ह्ये. लई हळवी हाय ती.’

‘नाही सांगणार,’ मी म्हणालो. वैजूला मी खरंच सांगितलं नाही.

त्याच महिन्यात आमच्या शाखेला नवे मॅनेजर आले होते, हुल्याळकर. माणूस चांगला, गप्पिष्ट. मी एका रविवारी त्यांना सपत्नीक चहाला बोलावलं. बरोबर माझा सहकारी माणगावे. वैजूनं शिरा केला, भडंग केलं. सगळं जागच्या जागी लावून झाल्यावर मी मधल्या खोलीत गेलो. तात्या पलंगावर बसून धुतलेला सदरा घालत होते.

‘तात्या, तुम्ही इथंच पडा की निवांत,’ मी म्हणालो. ‘नुसत्या बँकेच्या गप्पा असतील. कंटाळाल.’

त्यांचा हात गुंडीवर थांबला. ‘हां हां,’ ते म्हणाले. ‘बरुबर हाय. म्या हितंच हाय.’

मागं वळलो तर दारात वैजू. तिनं ऐकलं होतं.

चार वाजता पाहुणे आले. शिरा झाला, कौतुक झालं. साहेबांनी सहज विचारलं, घरात आणखी कोण कोण असतं? मी ‘आम्ही तिघंच’ म्हणणार, एवढ्यात वैजू म्हणाली, ‘माझे वडील आलेत सध्या. बोलावते.’ आणि माझ्याकडं न बघता आत गेली.

तात्या आले. कोपऱ्यातल्या खुर्चीवर अंग चोरून बसले, रुमाल हनुवटीखाली. साहेब मोठे दिलदार. म्हणाले, ‘अहो, माझ्या काकांना झालं होतं हे. बरे झाले पूर्ण.’ एस.टी.चा विषय निघाला. कुठल्या घाटात काय झालं, ओढ्यावरचा पूल पाण्यात असताना गाडी कशी काढली, असं सांगता सांगता तात्यांचा रुमाल मांडीवर आला. ते विसरले होते. चहा बशीत ओतून त्यांनी सगळ्यांसमोर प्यायला. आल्यापासून पहिल्यांदा.

मग मी म्हणालो, ‘साहेब, आमच्या कन्येची कला बघितली नाही तुम्ही. शरू, ये इकडं. गॅसवाला.’

शरू तयारच होती. गॅसवाला झाला. बालवाडीच्या बाई झाल्या. करमरकरकाकू झाल्या. हुल्याळकरवहिनी तर पदर तोंडाला लावून हसत होत्या. माणगावे म्हणाला, ‘बापसे बेटी सवाई आहे ही.’ मला काय वाटत होतं ते काय सांगू. छाती फुगली होती.

‘अजून कुणाची येते गं?’ वहिनींनी विचारलं.

शरूनं खोलीत नजर फिरवली. ‘तात्यांची!’

‘बास आता, शरू,’ मी म्हणालो.

‘अहो, करू द्या की हो,’ साहेब म्हणाले. तात्याही म्हणाले, ‘करू दे, करू दे. बगू तरी कसा दिसतुया म्या.’

तिनं रिकामी बशी उचलली. मांडीवर एक रुमाल पसरून खुर्चीत तात्यांसारखी बसली. तोंड डावीकडं ओढलं. सुर्र करून बशी ओढली आणि उजव्या कोपऱ्यावरून रुमाल फिरवत म्हणाली, ‘वैजे, च्या लई ग्वाड क्येलास गं.’

सगळे हसले. वैजूलासुद्धा हसू आवरलं नाही. आणि सगळ्यात मोठ्यानं हसले ते तात्या. ‘आगागागा,’ म्हणाले, ‘हुबेहूब हाय की गं!’ त्यांच्या डाव्या डोळ्यात पाणी आलं हसून.

तिथं थांबली असती तर बरं झालं असतं. पण शरू खुर्चीतून उतरली. कोपऱ्यातलं बुटकं स्टूल तिनं ओढत कपाटाच्या आरशासमोर नेलं आणि त्यावर बसली. मला कळलं. मी उठेपर्यंत तिचं सुरूसुद्धा झालं होतं.

‘फा. फा. फा.’ गाल फुगवला, एकच. मग ओठांचा वाकडा चंबू केला. ‘फू... फू...’ थुंकी उडवली. लोक हसत होते. तिनं आरशात बघितलं, खांदे हलवले, एक डोळा मिटला, दुसरा बोटांनी ताणून उघडा धरला, आणि तात्यांच्या आवाजात म्हणाली, ‘बाई, आता न्हाई व्हायाचं हे. बंद करा.’

सगळ्यात मोठा हशा त्यावर झाला. साहेब, वहिनी, माणगावे, कुणालाच ते काय होतं ठाऊक नव्हतं. वैजूलाही नव्हतं.

तात्या हसत नव्हते. ते शरूकडं बघतही नव्हते. ते माझ्याकडं बघत होते.

‘अगं बाई!’ वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. ‘हे सगळं शिकलीस कुठं तू?’

शरूनं मान वळवली आणि नेहमीसारखी माझ्याकडं बघितलं. चेहरा नुसता फुललेला. ‘पप्पा—’ एवढंच म्हणाली.

मी तिच्या थोबाडीत मारली.

तोवर मी तिला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. ती स्टुलावरून कलंडली, पडली नाही. ‘मोठ्या माणसांची टिंगल करतेस?’ मी ओरडलो. ‘आजारी माणसाची चेष्टा करतेस? हेच शिकवलं तुला?’

‘पप्पा, पण तुम्हीच—’

मी पुन्हा हात उचलला. ती गप्प झाली. रडली नाही. गालाला हात लावून नुसती बघत राहिली. तिला मार लागला होता, पण मला वाटतं, त्याहून जास्त ती कोड्यात पडली होती.

‘आवं, पावणं!’ तात्या उठले. त्या दिवशी तो ‘प’ कसा कुणास ठाऊक, पण त्यांच्या ओठांतून धड बाहेर पडला. त्यांनी शरूला उचलून कडेवर घेतलं. ‘पोरीला कशाला मारताय? म्याच शिकिवलंय तिला. आमी दोगं आरशाफुडं करतू रोज. गंमत म्हनून. व्हय का न्हाई गं?’

शरूनं तात्यांकडं बघितलं. मग माझ्याकडं. आणि हळूच ‘हो’ म्हणाली.

साहेबांनी घड्याळ बघितलं. वहिनी म्हणाल्या, ‘मुलं आहेत, चालायचंच.’ पाच मिनिटांत सगळे गेले. माणगावे चपला घालताना माझ्या पाठीवर थोपटून गेला, जसं काही मी मोठं काम केलं होतं.

दार लागल्यावर वैजूनं शरूला तात्यांसमोर उभं केलं. ‘कान धर,’ म्हणाली. ‘तात्यांना सांग, पुन्हा नाही करणार.’ शरूनं दोन्ही कान धरले.

‘पुन्हा नाही करणार, तात्या.’

मी तिथंच उभा होतो. मला तेव्हा बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं.

ते वाक्य आता लिहितो. शरू सकाळी दूध प्यायला त्रास द्यायची. तात्या अंघोळीला गेले की मी तिला गॅलरीत घेऊन जायचो आणि तात्यांची नक्कल करायचो. एक घोट प्यायला की चहाची बशी. दोन घोटांना पा-फा-बा-मा. आणि पेला रिकामा केला की शेवटचं बक्षीस म्हणून ती आरशातली शिट्टी आणि ते रडणं. डोळा ताणून उघडा धरायची युक्तीही माझीच. शरूनं दवाखान्यातली ती खोली बघितलेलीच नव्हती. तात्या रडले ते तिला माहीत नव्हतं. तिला वाटायचं, ते सगळं मी रचलेलं नाटक आहे. दहाबारा दिवस ती हसत हसत दूध पीत होती. वैजू म्हणायची, तुम्ही पाजलं की कसं पटकन पिते.

त्या खोलीत तात्या, बाई आणि मी, तिघंच होतो. म्हणून तात्यांनी माझ्याकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी पिशवी भरली. शेकाचे अजून बारा दिवस बाकी होते. वैजूनं हात जोडले, रडली. ‘पोरीनं केलं ते मनावर घेता का, तात्या?’ ते म्हणाले, ‘खुळी का तू? गावाकडं थोरल्यानं घराचं काम काढलंय, म्या नगं का तितं?’ शरू त्यांच्या पिशवीजवळ बसली होती. तात्या तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले, तिनं मान हलवली. मी पायात चपला घालत होतो.

स्टँडवर गाडीला वीस मिनिटं होती. आम्ही बाकावर बसलो. मी म्हणालो, ‘तात्या, शेक तरी पुरा करा. मी रजा काढतो, वाटलं तर—’

‘ऱ्हाऊ द्या.’

‘तात्या, माझं चुकलं.’

ते फलाटावर लागणाऱ्या गाडीकडं बघत होते. ड्रायव्हर कशी लावतो ते बघत होते बहुतेक.

‘नकला म्या बी लई क्येल्यात, फावणं,’ ते म्हणाले. ‘डेपोत आमच्या सायबाच्या करायचू. मान्सं हसली की भान ऱ्हात न्हाई. त्येचं काय न्हाई.’ मग माझ्याकडं वळून म्हणाले, ‘पर पोरीला का मारलासा?’

मी त्यांच्या पिशवीचा बंद सरळ करत राहिलो.

‘माझ्यासाटनं न्हाई मारलं तुमी. ती तुमचं नाव घ्याय लागली म्हून मारलं.’

गाडी लागली. मी पिशवी उचलायला गेलो, त्यांनी आधीच उचलली होती. पायरीवर चढल्यावर ते मागं वळले. ‘माजी माफी नगं. घरात दोघी हाईत, तितं बोला.’

मी घरी आलो. शरू गॅलरीत बाहुलीला आंघोळ घालत होती. गालावर अजून लाली होती. मी तिच्याजवळ उकिडवा बसलो.

‘शरू, मी तुला उगाच मारलं. तुझी काही चूक नव्हती. पप्पांची चूक होती.’

तिनं बाहुलीचे केस पुसले. ‘मग आईला सांगणार ना?’

‘हो.’

‘कधी?’

‘सांगतो.’

वैजू आत भांडी घासत होती, नाक ओढत. मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. तिनं वळून बघितलं आणि म्हणाली, ‘तुम्हाला काल एवढा राग आला, मला वाटलंच नव्हतं. तात्यांना तुम्ही बाहेर येऊ देत नव्हता म्हणून मी मनात काय काय बोलले तुम्हाला. चुकलं माझं.’

आणि मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. समजूत घालायला. बोललो काहीच नाही.

पुढं चारपाच दिवस शरू विचारायची, ‘सांगितलं?’ मी म्हणायचो, ‘आज सांगतो.’ मग तिनं विचारणं सोडून दिलं. नकलाही सोडल्या. बालवाडीच्या बाईंनी संमेलनात करायला सांगितल्या तर ‘मला येत नाहीत’ म्हणाली. घरी कुणी आलं आणि मी सवयीनं ‘शरू, गॅसवाला’ म्हणालो, तर ती उठून आतल्या खोलीत गेली. त्यानंतर मीही म्हटलं नाही.

तात्यांचं तोंड पूर्ण सरळ झालंच नाही. ते पुन्हा कधी आमच्याकडं राहायला आले नाहीत. दिवाळीला आम्ही जायचो, माझ्याशी पूर्वीसारखेच वागायचे, जरा जास्तच आदरानं. तीन वर्षांनी ते गेले. तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं, आणि वैजू बायकांना सांगत होती, ‘यांना तात्यांचं किती होतं म्हणून सांगू. शरूनं एकदा तात्यांची नक्कल केली, तर पोटच्या पोरीवर हात उचलला यांनी. आयुष्यात एकदाच. तात्यांसाठी.’ बायका माझ्याकडं वळून बघत होत्या. शरू साडेसात वर्षांची, आईच्या मांडीला टेकून बसलेली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. चटईची काडी उपटत राहिली.

त्यानंतर ही गोष्ट वैजूनं किती वेळा सांगितली असेल याला गणती नाही. लग्नाकार्यात, शेजारणींना, शरूच्या सासरच्यांना. प्रत्येक वेळी मी जवळपास असायचो. पहिल्यांदा घाम फुटायचा. नंतर नंतर नुसता पेपर चाळायचो.

गेल्या महिन्यात शरू आली होती. बरोबर जावई, मंदार, आणि तिचा तीन वर्षांचा मुलगा. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काठी घेऊन चालतो. संध्याकाळी चहा पिताना त्या पोरानं छत्री घेतली आणि कण्हत कण्हत माझ्यासारखं खोलीभर चालून दाखवलं. आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. अगदी हुबेहूब होतं.

‘आईवर गेलाय,’ वैजू म्हणाली. ‘मंदार, तुम्हाला सांगितलंय का मी? ही एवढी होती तेव्हा—’

‘आई, नको ना,’ शरू म्हणाली.

‘अगं, त्यात काय? ही एवढी होती, आणि माझे वडील आजारी—’

‘वैजू,’ मी म्हणालो, ‘ते तसं नव्हतं.’

मी ठरवून बोललो नाही. तोंडातून गेलं. मग मात्र थांबलो नाही. दूध, गॅलरी, आरसा, शिट्टी, ती खोली, स्टँड. सगळं सांगितलं. मंदार मुलाला उचलून बाहेर घेऊन गेला. समंजस आहे.

बोलून झाल्यावर मी शरूकडं बघितलं. ‘तुला आठवत असेल, नसेल...’

‘आठवतंय,’ ती म्हणाली. ‘तात्या जाताना मला म्हणाले होते, आईला तू सांगू नगंस. तुजा पप्पा सांगंल, त्येला सांगू दे.’ तिनं ते तात्यांच्या बोलीत म्हटलं, पण आवाज तिचा स्वतःचाच होता. ‘म्हणून मी नाही सांगितलं.’

वैजू टीपॉयकडं बघत होती. मला वाटलं, ती नकलेचं काहीतरी बोलेल, मारल्याचं बोलेल.

‘तात्या रडले होते?’ तिनं विचारलं.

‘हो.’

‘त्या बाईंसमोर? एकटेच?’

‘मी होतो.’

‘तुम्ही होता.’ तिनं मान हलवली. ‘मी गेले असते की त्यांच्याबरोबर. एवढंच सांगितलं असतंत तर मी रोज गेले असते.’

मी काठी मांडीवर आडवी घेतली.

‘सत्तावीस वर्षं मी ही गोष्ट लोकांना सांगत फिरले,’ ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. ‘तात्यांच्या तेराव्याला सांगितली. हिच्या लग्नात सांगितली. आणि दर वेळी तुम्ही समोर बसून ऐकत होतात.’

मग ती उठली. टीपॉयवरचे कप एकेक करून गोळा केले. शरूचा, मंदारचा, तिचा स्वतःचा, नातवाचा दुधाचा पेला. माझा कप तेवढा जागेवर ठेवला आणि आत गेली.